इतिवृत्तातली दुरुस्ती

विषय क्रमांक एकोणीस पुकारला तेव्हा
निम्मे सभासद चहाला गेले होते.
माझं काम लिहिण्याचं. बोलणाऱ्याचं नाव, उभी रेघ,
मग तो काय म्हणाला ते, शिव्या वगळून.
बावीस वर्षं हेच करतोय.

साखर पेठेतली आग. खाली सहा माग, वर माणसं.
अग्निशामकचे प्रमुख उभे राहिले,
प्रभारी, सात वर्षं प्रभारीच,
आणि खाली मान घालून वाचू लागले:
वर्दी दोन वाजून अकरा मिनिटांनी. गाडी निघाली दोन सतराला.
मंजूर पदं इतकी, भरलेली निम्मी.
टाकीत पाणी अर्धं,
कारण त्या दिवशी केंद्राकडे पाण्याची पाळी नव्हती.
कुणीतरी हसलं. मग गप्प झालं.
जिना अरुंद, पायऱ्या तेरा, धूर दाट.

आणि वरून, प्रेक्षकांच्या बाकावरून, एक बाई:
"पदमूडु कादु. पद्नालुगु."

घंटा वाजली. गॅलरीतून बोलायचं नाही.
मला कळलं ती काय म्हणाली. आमच्या गल्लीत
लगोरीचे दगड आम्ही तेलुगूतच मोजायचो.
तेरा नाही, चौदा.
पण प्रेक्षकांचं बोलणं इतिवृत्तात येत नाही.

मग बिराजदारबाई उठल्या.
चष्मा पुसायला त्यांनी इतका वेळ घेतला
की चहावाले सभासद परत आले.
"मला आगीचं नाही विचारायचं. यादीचं विचारायचंय.
ज्यांना आपलं आपण उठता येत नाही
अशा म्हाताऱ्यांची यादी समाजकल्याणनं
गेल्या उन्हाळ्यात घरोघर फिरून केली ना?
तीत लच्चम्मा गुर्रम हे नाव होतं का?"

होतं. पान नऊ.
अर्धांग, वरचा मजला, मुलगी विड्या वळते.

मग ती यादी आगवाल्यांकडे का नव्हती?
समाजकल्याण म्हणालं, मागितली नाही.
अग्निशामक म्हणालं, आहे हेच माहीत नव्हतं.
दोन्ही कार्यालयांच्या मध्ये एक व्हरांडा आणि एक माठ.
त्या माठाचं पाणी दोघंही पितात.

पेन चालत होतं. कान तापले होते.
ती यादी मीच टाइप केली होती.
तीन प्रती काढा म्हणाले होते.
कागद संपला, दोनच काढल्या.
तिसरी कुणासाठी, मी विचारलं नव्हतं.

ठराव झाला. समिती नेमावी, अहवाल पुढील सभेत.
विषय क्रमांक वीस: गड्ड्यावरच्या स्टॉलचं भाडं.
आता मात्र सभागृह भरलं.

ती खाली भेटली, चपला शोधत. राजमणी.
त्या दुपारी विड्या द्यायला कारखान्यावर गेली होती,
छाट निघाली म्हणून परत वळायला बसवलं.
म्हणाली, झटका आल्यापासून आईला शब्दच सापडत नव्हते,
आकडे तेवढे उरले होते.
पाठीवर घेऊन उतरवायची तेव्हा
आई कानाशी मोजायची, ओकटि, रेंडु,
चौदा झाले की ऊन.
"तुमच्या कागदात एक कमी कशी झाली, साहेब?"
मी साहेब नाही, असं म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

रात्री टंकलेखन करताना
प्रभारींच्या निवेदनाखाली एक ओळ घातली:
दुरुस्ती, पायऱ्या चौदा.
कुणी केली, ते लिहिलं नाही.
पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त
वाचल्याचे समजून कायम करण्यात आले.
हात वर झाले. कुणीच वाचलं नव्हतं.

तिसरी प्रत त्याच रात्री काढली होती, घरचा कागद घालून.
व्हरांडा ओलांडून केंद्रावर गेलो.
ड्युटीवर सिद्धाराम हत्तुरे, बनियनवर, डबा खात.
शेंगाचटणीचं बोट पुसून त्यानं पानं उलटली,
एका नावापाशी थांबला. "ही आमच्या मागच्या बोळातली की!"
मग सगळा कागद पुन्हा वरून खाली बघितला.
"जिना कसाय, ते नाही लिहिलं कुठं?"

तो रकानाच नव्हता.